उभं राहिल्यावर किती?

नोकरीतली पहिली वीस वर्षं मी माणसांचं बीपी झोपलेलं असतानाच मोजलं. सकाळी सहाचं टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजायची फेरी. ट्रॉली ढकलत जायचं, कफ गुंडाळायचा, फुगवायचा, पारा उतरताना कान द्यायचा, केस पेपरवर आकडा टाकायचा, पुढची खाट. चाळीस खाटांचा वॉर्ड आणि रात्रपाळीला आम्ही दोघी. ते आकडे खोटे नव्हते. पण माणूस दिवसभर ज्या अवस्थेत जगतो, त्या अवस्थेतले ते नव्हते.

हे मला कळलं ते एका कंडक्टरकाकांमुळे.

काका बेस्टमधून निवृत्त झालेले. तीस वर्षं डबलडेकरच्या जिन्यावरून वरखाली केलेला, उभ्यानं आयुष्य काढलेला माणूस. राहायला लालबागला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं, पाटावरून उठले आणि मोरीतच कोसळले. खोक पडली, टाके पडले. वर्षभरातली ही चौथी खेप. आधीच्या तीन वेळांना कोणी ‘पित्त’ म्हणालं, कोणी ‘वय झालं’, एकानं ‘मिरगी असेल’ म्हणून गोळ्या दिल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बीपी जास्त निघालं म्हणून ते कमी करायचीही गोळी सुरू होती. तिथेही अर्थात झोपवूनच मोजलेलं.

काकांची एक तक्रार मात्र कोणीच धड ऐकली नव्हती, मीही नाही. “सिस्टर, रांगेत उभं राहिलं की मान नि खांदे असे दुखतात, जसं कोणी खुंटीला टांगलंय.” मी मावशींना सांगून बाम लावायला दिला. पुढे कळलं की हे दुखणं पुस्तकात आहे आणि इंग्रजीत त्याला कोट-हँगरचंच नाव आहे. उभं राहिल्यावर मानेच्या-खांद्याच्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून ते दुखतात. आडवं झालं की थांबतं. काकांनी खुंटी म्हटलं, पुस्तकानं हँगर. बाम लावणारी तेवढी मी.

तिसऱ्या दिवशी न्यूरोची, म्हणजे मेंदू-मज्जाविकार विभागाची, रजिस्ट्रार डॉक्टर राउंडला आली. सडपातळ, झोप न झालेली मुलगी. केस पेपर चाळत तिनं विचारलं, “सिस्टर, उभं राहिल्यावर किती?”

मी म्हटलं, “काय?”

“बीपी.”

तीन दिवसांत नऊ वेळा घेतलेलं बीपी त्या कागदावर होतं, त्यातलं पाच वेळा माझ्या अक्षरात. उभ्याचं एकदाही नव्हतं. तिनं मला ओरडायला हवं होतं असं आज वाटतं. ओरडली नाही. काकांना पाच मिनिटं शांत झोपवलं आणि मोजलं, १५६/९०. मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात ठेवून उभं केलं. एका मिनिटाला १०४. तिसऱ्या मिनिटाला ८४/५०. काकांचा चेहरा पिठासारखा झाला, तरी ते “बरं आहे, बरं आहे” म्हणत होते. नाडी ७२ होती ती ७६ झाली, बस. “हे बघा,” ती म्हणाली, “दाब एवढा पडलाय आणि हृदयाला कोणी कळवलेलंच नाही.”

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं पडला, तर पडला असं धरायचं, ही व्याख्या. काकांचा ७२नं पडला होता.

आपण उठतो तेव्हा शरीरात काय घडतं, हे मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधले संवेदक ते ओळखतात, मेंदूच्या देठाला कळवतात, तिथून हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थोडं घाई करतं. हे सगळं दोनचार ठोक्यांत, आपल्याला न विचारता. म्हणून या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणायचं. घाम, लघवी, शौच, डोळ्याची बाहुली, लाळ, पचन हे सगळं तिच्याकडेच. काकांना हे समजावताना मी बरेच शब्द वापरले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या चाळीसारखं. टाकी भरलेली आहे, पण वरच्या मजल्याला पाणी चढवणारा पंप बिघडलाय.” पुढे सगळ्या पेशंटांना मी हेच उदाहरण दिलं. मुंबईत ते कोणालाही पुन्हा सांगावं लागत नाही.

निदान व्हायला अजून काही महिने गेले. आधी पार्किन्सन्स वाटला, मग बोलणं अडखळू लागलं, लघवी अडू लागली, तोल जाऊ लागला, आणि डॉक्टरांनी मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी असं लिहिलं, म्हणजे मेंदूतल्या अनेक यंत्रणा एकदम झिजत जाणारा आजार. जुन्या केस पेपरांवर हाच आजार ‘शाय-ड्रेगर’ म्हणून दिसायचा. त्या दोघा डॉक्टरांनी १९६०मध्ये त्याचं वर्णन केलं, आजचं नाव १९६९मधलं. यावर आजार थांबवणारं औषध नाही. पहिल्या लक्षणापासून साधारण ६ ते १० वर्षं, असं पुस्तकं सांगतात. हे वाचलं की वाटतं, मग करण्यासारखं उरलं काय? डॉक्टरांकडे खरंच फार उरत नाही. पण माझ्या हातून जितकं या आजारात झालं तितकं दुसऱ्या कुठल्या आजारात झालं नसेल. कारण हा आजार घड्याळात राहतो. कधी उठता, कधी जेवता, कधी नाहता, गोळी किती वाजता घेता, रात्री किती वेळा उठता, त्यावर सगळं. आणि घड्याळ हे नर्सचं खातं.

गोळीचंच घ्या. काकांना मिडोड्रीन सुरू झालं. रक्तवाहिन्या आवळणारं औषध, दिवसातून तीनदा. आमच्या वॉर्डात ‘टीडीएस’ म्हणजे सहा, दोन, दहा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. वर्षानुवर्षं तसंच, अँटिबायोटिकला तसंच, सगळ्याला तसंच. मी दहाची गोळी दिली, दिवे मालवले. रात्री दोन वाजता काकांचं डोकं ठणकत होतं आणि बीपी २०४ होतं. या औषधाचा शेवटचा डोस आडवं होण्याच्या निदान चार तास आधी द्यायचा असतो. ज्या माणसाचा दाब उभ्यानं पडतो त्याचाच झोपल्यावर चढतो, ही या आजाराची चेष्टा. ऑर्डर बरोबर होती, गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती. वेळ माझी चुकली होती. दुसऱ्या दिवशी मी चार्टवरचं टीडीएस खोडलं आणि लिहिलं : उठण्याआधी सातला, अकराला, तीनला. हँडओव्हरला सिस्टर इन-चार्ज म्हणाल्या, “हे काय नवीन?” मी सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “लाल पेनानं लिही, नाहीतर नाइटवाली देईल परत दहाला.” मला आजही तो लाल पेन आठवतो.

मग काकूंना शिकवणं सुरू झालं. काकू म्हणजे काकांच्या मंडळी, लहानशा, सतत पदर खोचलेल्या. पहिली गोष्ट विटा. रात्री सपाट झोपलं की दाब चढतो, मूत्रपिंडं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढून टाकतात, माणूस रात्रभर उठतो आणि सकाळी टाकी रिकामी. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू सहा-नऊ इंच उचलायची. नुसत्या उश्या लावून चालत नाही, त्यानं मान मोडते आणि धड सपाटच राहतं. चाळीत बांधकाम कुठेतरी चालूच असतं, विटा मिळाल्या. शेजारणीनं विचारलं, ही कसली वास्तुशांत? काकू म्हणाल्या, “डॉक्टरांची.”

दुसरी गोष्ट पाणी. अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी अर्धा लिटर पाणी, घोट घोट नाही, तीनचार मिनिटांत. ज्यांची स्वायत्त यंत्रणा बिघडलीय त्यांचा दाब नुसत्या पाण्यानं पाच मिनिटांत चढू लागतो आणि अर्ध्या तासात शिखराला जातो. निरोग्या तरुण माणसात असं काही होत नाही. काकू म्हणाल्या, “आमचे सासरे उषःपान करायचे, तांब्याभर.” मी म्हटलं, तोच तांब्या काढा.

तिसरी गोष्ट माझ्याच तोंडून निघेना. मीठ. पस्तिशीपासून मी ज्याला त्याला सांगत आले, मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद करा. आणि इथे डॉक्टरांच्या सल्ल्यानं सांगायचं होतं, ताकात मीठ घाला, कोकम सरबत प्या, लोणचं खा. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू लॉटरी लागली.

बाकीची यादी सांगत बसत नाही. दोन वाट्या भात एकदम नको, कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं आणि तासा-दोन तासांत दाब पुन्हा पडतो. काका दुपारी जेवून हात धुवायला उठताना पडायचे ते यामुळे. कढत पाण्यानं अंघोळ नको, आणि पहाटे तर नकोच. दिवाळीच्या त्या मोरीत कढत पाणी, पहाट, पाटावर बसणं आणि झटक्यात उठणं असे चारही शत्रू एका वेळी हजर होते. पाय आवळणाऱ्या मोज्यांपेक्षा पोटपट्ट्याचा उपयोग अधिक, कारण जास्त रक्त साचतं ते पोटात. यावर काका लाजले, “बाळंतिणीसारखा?” काकू पटकन म्हणाल्या, “हो, चाळीस दिवस नाही, कायमचा.” अंधारी आली तर पायाची अढी घालून मांड्या आवळायच्या, नाहीतर सरळ उकिडवं बसायचं, लोक काय म्हणतील याचा विचार न करता. लालबागच्या बाजारात काका कितीदा उकिडवे बसले असतील. लोकांना वाटायचं, म्हातारा बिडी ओढायला बसलाय.

काकूंनी एक वही केली. जुनी भिशीची वही, मागची पानं कोरी होती. दोन रकाने : झोपून, उभं. शेजारच्या पोरानं डिजिटल मशीन लावायला शिकवलं. दर ओपीडीला ती वही यायची आणि डॉक्टर गोळ्या त्या वहीवरून बदलायचे. एकदा काकू वहीबाहेरचं बोलल्या : “त्यांचं घोरणं बदललंय. पूर्वी बाहेर सोडताना घरघर यायची, आता आत घेताना शिट्टी वाजते.” मी ते तसंच्या तसं रजिस्ट्रारला सांगितलं. झोपेत श्वास आत घेताना येणारा तो आवाज या आजारात धोक्याचा असतो, स्वरयंत्राचे पडदे नीट उघडत नाहीत. कान-नाक-घशाकडे त्याच दिवशी पाठवलं. ते काकूंना पाठ्यपुस्तकातून कळलं नव्हतं. शेजारी झोपून कळलं होतं.

आता थोडं कडू.

हे सगळं मी वॉर्डाच्या कामातून चोरलेल्या वेळात केलं. हिशेब करून बघा. पाच मिनिटं झोपवायचं, मोजायचं, उभं करायचं, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजायचं, पडला तर धरायला शेजारी थांबायचं. माणशी दहा मिनिटं. चाळीस खाटांना चारशे मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त. एका नर्सची जवळजवळ अख्खी पाळी. म्हणून कोणी करत नाही, आणि न करणाऱ्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो ही कामं कोणाचीच नाहीत यात. डॉक्टर म्हणतात नर्सिंगचं, नर्सिंग म्हणतं डॉक्टरचं, शेवटी ती काकूंची होतात.

आपल्याकडे न्यूरोसायन्स नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट-बेसिक डिप्लोमा आहे. माझ्या मैत्रिणीनं तो केला, छान गुणांनी केला. परत आल्यावर सहा महिन्यांत तिची बदली प्रसूती वॉर्डात. रोटेशन. शिकलेलं सगळं कपाटात आणि ती लेबररूममध्ये. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होत नाही. शल्यचिकित्सकाला तुम्ही दर दोन वर्षांनी त्वचारोगात टाकत नाही, मग नर्सलाच का? क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम देशात सुरू झाला आहे, १९४७च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३मध्ये नवा आयोगाचा कायदाही आला. कागद हलतोय. खुर्ची हलायची आहे.

मी खुर्ची म्हणते ती अगदी लाकडी खुर्ची. ओपीडीत एक टेबल, एक पलंग, एक मशीन, एक फोन आणि तीच एक नर्स, पुढची दहा वर्षं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात स्वायत्त विकारांचं वेगळं युनिट आहे. तिकडे पार्किन्सन्ससाठी खास नर्स तर काही दशकांपासून आहेत. पेशंट थेट त्यांना फोन करतो, गोळ्यांच्या वेळा त्या बसवून देतात. आपल्याकडे टिल्ट टेबल, म्हणजे पेशंटला बांधून हळूहळू उभं करत दाब मोजायचं टेबल, असलेली रुग्णालयं मुंबईत आहेत, न्यूरॉलॉजिस्ट उत्तम आहेत. पण टिल्ट टेबल तुमची एक सकाळ पाहतं. उरलेला दिवस कोण पाहणार? आणि पेशंट थोडे आहेत म्हणून दुर्लक्ष करावं तर तसंही नाही. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी दुर्मीळ असेल, मधुमेह दुर्मीळ नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही मोजले गेले. मधुमेहानंही दाब सांभाळणाऱ्या बारीक नसा झिजतात, आणि त्यांच्यातल्या किती जणांच्या झिजल्यात हे उभं करून मोजल्याशिवाय कळायचं नाही.

या कामात घाई कधी करायची हेही कळावं लागतं, त्याची एक गोष्ट. लोकलमधून पडून मानेचा मणका मोडलेला एक बावीस वर्षांचा मुलगा वॉर्डात होता. नेहमीचं बीपी ९५. एका संध्याकाळी तोंड लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा, खांद्याखाली मात्र कोरडा गार, “डोकं फुटतंय” म्हणून रडतोय. बीपी १९०. हाउसमन, म्हणजे वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, बीपी उतरवायचं औषध मागवत होता. आमच्या वयस्क इन-चार्ज सिस्टर आल्या, मुलाला आधी बसतं केलं, पायजम्याची नाडी सैल केली, आणि युरोबॅगची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, नळी हातानं चाचपत गेल्या. खाटेच्या कठड्यात ती दुमडली होती. सोडवली. आठशे मिली लघवी धो धो आली आणि दहा मिनिटांत १२०. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्यांत भरलेलं मूत्राशय किंवा तटलेलं पोट एवढ्यानंही असं वादळ उठतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तो मुलगा पुढे हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत गेला, चाकाची खुर्ची चालवायला शिकला. आईला आम्ही एकच वाक्य पाठ करून दिलं होतं : डोकं दुखलं की आधी बसव, मग नळी बघ.

निवृत्त झाले तरी हे सुटलेलं नाही. आमच्या मुलुंडच्या इमारतीतली एक कॉलेजची मुलगी. दादरपर्यंत फास्ट लोकलमध्ये उभी, घाटकोपर आलं की डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. घरचे म्हणत टेन्शन, एक डॉक्टर म्हणाले घाबरटपणा, मावशी म्हणाली लग्न झालं की जाईल. आपल्याकडे तरुण मुलीच्या प्रत्येक दुखण्यावर हे तिसरं औषध असतंच. मी म्हटलं, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे. दोन्ही ठीक निघाले. मग एका रविवारी तिला माझ्या दिवाणावर झोपवलं, नाडी ७४. नंतर भिंतीपासून वीतभर पुढे टाचा, खांदे भिंतीला टेकलेले, आणि दहा मिनिटं तशीच उभी. मी समोर खुर्चीत, हातात घड्याळ. दहाव्या मिनिटाला नाडी १२१. बीपी पडलं नव्हतं. मोठ्या माणसात तीसनं वाढली तर विचार करायचा. दाब न पडता उभ्यानं नाडी अशी धावते, त्या आजाराला पॉट्स हे नाव १९९३पासून आहे. निदान मी केलं नाही. निदान मोजलं तरी. तो कागद घेऊन ती डॉक्टरकडे गेली आणि त्यांनी पुढचं पाहिलं. आता ती डब्यात खाली बसते. बायका कधी कधी कुरकुरतात. ती बसते.

कंडक्टरकाका गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी खाटेवरच होते. तेराव्यानंतर काकू वॉर्डात आल्या, हातात पिशवी. पोटपट्टा धुऊन घडी करून आणला होता, “कोणाला लागला तर.” आणि ती वही. मी पानं चाळली. सुरुवातीला दोन्ही रकाने भरलेले. मग ‘उभं’च्या रकान्यात मधे मधे आडवी रेघ. शेवटच्या काही पानांवर नुसत्या रेघा, पण रोजची तारीख घालून, एकही दिवस न चुकता. मी वही मिटायला गेले तर काकू म्हणाल्या, “पुढचं पान बघा ना.”

पुढच्या पानावर वर लिहिलं होतं, ‘माझं’. झोपून १३४/८०. उभं १३०/८२.

“बरोबर घेतलंय ना, सिस्टर?”